हातचा

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी चौतीस वर्षं शिकवलं, त्यातली निम्मी पहिली-दुसरीला. दुसरीतल्या मुलांना सगळ्यांत जड जाते ती हातच्याची बेरीज. आठ आणि सात पंधरा. पाच खाली लिहायचे आणि एक हातचा. मूल पाच लिहितं आणि विचारतं, ‘बाई, हातचा कुठं ठेवू?’ मी सांगायची, शेजारच्या घरात, दशकाच्या डोक्यावर, बारीक लिही. लिहायचं राहिलं की उत्तर चुकतं. पाटी नंतर कितीही वेळा बघा, चूक सापडत नाही, कारण जे राहिलं ते पाटीवर नसतंच.

माझे वडील, अण्णा, गेल्यावर त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली. तळाशी, सातबाऱ्यांच्या आणि सोसायटीच्या पावत्यांच्या खाली, चार घड्यांचा एक कागद होता. तलाठ्याचा दाखला. अमक्याचे वार्षिक उत्पन्न सर्व मार्गांनी मिळून रुपये ४८०, सबब दाखला दिला असे. खाली शिक्का, इतका फिकट की आता नुसतं गोल उरलंय. सन १९६०. त्या कागदाच्या पाठीवर अण्णांनी पेन्सिलीनं एक बेरीज मांडली होती: वह्या, शाई, परगावच्या खोलीचं भाडं, एस.टी., आणि सगळ्यांत खाली ‘फी’. फीपुढं शून्य. बेरजेच्या वर बारीक अक्षरात हातचा एक. वाळवा तालुक्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातला, शाळेत जाणारा पहिला मुलगा हिशेब करून बघत होता, की जमतंय का.

ते जमलं ‘ई.बी.सी.’मुळं. माझी आजी शेवटपर्यंत ‘इबीशी’च म्हणायची, अण्णांना नोकरी लागली, घरावर कौलं आली, त्या सगळ्याचं कारण विचारलं की तिचं उत्तर एकच, ‘इबीशी मिळाली.’ आर्थिकदृष्ट्या मागास म्हणजे ज्या घराचं वर्षाचं उत्पन्न १,२०० रुपयांच्या आत, त्या घरातल्या मुलाची फी सरकार भरणार. जात विचारायची नाही, दाखला फक्त उत्पन्नाचा. हे धोरण आणणारे शिक्षणमंत्री बाळासाहेब देसाई साताऱ्याच्या पाटणचे, आणि ज्यांच्या मंत्रिमंडळानं ते उचलून धरलं ते मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण कराडचे. आमच्या अण्णांनी यशवंतरावांना कधी जवळून पाहिलं नव्हतं. तरी त्यांच्या तोंडी नाव कधी आलं नाही. ‘साहेब’ म्हणायचे.

लग्न होऊन मी सांगलीत आले आणि तिथं दुसरा शब्द कानावर पडला. मामंजी शेतकरी साखर कारखान्याचे जुने सभासद. त्यांच्या लेखी महाराष्ट्रात पुढारी एकच झाला, ‘दादा’. वसंतदादा पाटील. पद्माळ्याचे, शिक्षण बेताचं, बोलणं शेतावरचं. २४ जुलै १९४३ ची हकिकत मामंजींनी मला इतक्या वेळा सांगितली की मी स्वतः तिथं असल्यासारखं वाटतं. सांगलीचा तुरुंग किल्ल्यात. दादा आणि त्यांच्या साथीदारांनी पहारेकऱ्यांच्या बंदुका घेतल्या, तटावरून खंदकात उड्या टाकल्या आणि पळत सुटले. पावसाळ्याचे दिवस, कृष्णा भरलेली, मागं पोलीस. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव त्या दिवशी गेले. दादांच्या खांद्यात गोळी लागली. मामंजी इथं थांबायचे आणि स्वतःच्या उजव्या खांद्यावर हात ठेवायचे, जणू वण तिथं आहे.

मग माझ्याकडं बघून म्हणायचे, ‘तुझे साहेब तेव्हा कुठं होते?’

साहेब त्या वेळी तुरुंगात होते. बेचाळीसच्या जूनमध्ये लग्न झालं, ऑगस्टमध्ये ते भूमिगत झाले. नव्या नवरीला, वेणूताईंना, पुढच्या संक्रांतीला पोलिसांनी पकडून नेलं. थोरले भाऊ त्याच धामधुमीच्या काळात गेले, मधले तुरुंगवासानं खचले. वेणूताई फलटणला माहेरी आजारी आहेत असं कळल्यावर ते भेटायला गेले आणि तिथंच सापडले. म्हणजे मामंजींच्या प्रश्नाला उत्तर होतं. पण मी ते कधी दिलं नाही, कारण प्रश्न वेगळाच होता हे मला कळत होतं. उडी मारणाऱ्या माणसाबद्दल लोकांना जे वाटतं ते पाऊल मोजून टाकणाऱ्याबद्दल वाटत नाही.

सातारा आणि सांगली हे तेव्हा दोन जिल्हे नव्हतेच. एकच सातारा. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. त्यामुळं साहेबांचं जन्मगाव देवराष्ट्रे आज सांगलीत आणि घर कराडचं, साताऱ्यात. १२ मार्च १९१३ ला आजोळी जन्म. वडील प्लेगात गेले तेव्हा पोरगं चार-पाच वर्षांचं. आई विठाबाई, लिहिता-वाचता न येणारी. देवराष्ट्रेच्या त्या घरी मी दोनदा गेले आहे. कुंडलहून पुढं सागरेश्वराच्या डोंगराला वळसा घालून गाव येतं. घर एवढंसं, की आत उभं राहिल्यावर पहिला विचार येतो तो चुलीच्या धुराचा, तो कुठून बाहेर जात असेल. याच पट्ट्यात, कुंडल-शेणोली-येडे मच्छिंद्रच्या भागात, क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं. १९४३ च्या जूनमध्ये शेणोलीजवळ सरकारी पगाराची गाडी अडवून लुटली ती इथंच. एका वीस-पंचवीस मैलांच्या टापूत इतक्या प्रकारची माणसं एकाच वेळी निघाली. एक गोळी झेलणारा, एक सरकारच उभं करणारा, आणि एक तुरुंगात बसून वाचणारा.

वाचणाऱ्याचं पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मला मात्र नोंद करावीशी वाटते ती त्याच्या स्वभावातल्या एका गोष्टीची. तिला कोणी संयम म्हणतं, कोणी सामोपचार. आमच्याकडचा शब्द सबुरी. ‘कृष्णाकाठ’ या आत्मचरित्रात त्यांनी सांगितलंय, की बत्तीस साली अटकेत असताना कोणीतरी विठाबाईंना सुचवलं, पोरानं माफी मागितली तर सुटेल. त्या माउलीनं पोराला सांगितलं ते उलटच, माफी कशाची मागायची, तब्येतीला जप. मला वाटतं त्यांची सबुरी तिथून आली. ती भित्र्याची नव्हती. वाट बघण्याची ताकद होती. पण तिचं पुढं दोन वेळा दोन तऱ्हांनी फळ आलं, आणि त्या दोन प्रसंगांचा मेळ मला आजवर घालता आलेला नाही.

पहिला प्रसंग आमच्या आप्पांचा. आप्पा म्हणजे आईचे वडील, वाई तालुक्यातले, संयुक्त महाराष्ट्र समितीचे कडवे कार्यकर्ते. १९५५ च्या अखेरीस फलटणला यशवंतरावांनी जाहीर सांगितलं, की संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांतून निवडायची वेळ आली तर आपण नेहरूंच्या बाजूनं उभे राहू. हे वाक्य आप्पांनी त्यांना मरेपर्यंत माफ केलं नाही. मुंबईत गोळीबार झाले, शंभरावर माणसं मेली, आणि हे त्याच मंत्रिमंडळात. मग १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्य आलं आणि मोरारजींच्या जागी मुख्यमंत्री झाले हेच. सत्तावनच्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली. साताऱ्यानं लोकसभेला नाना पाटलांना पाठवलं. कराडात स्वतः मुख्यमंत्री थोडक्या मतांनी वाचले.

आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचं अनावरण, नेहरूंच्या हस्ते. समितीनं ठरवलं, निदर्शनं करायची. नेहरू वाईवरून पसरणीच्या घाटानं वर जाणार. आप्पा आदल्या रात्रीपासून घाटात. काळं कापड कुठून आणायचं? घरात एक जुनी छत्री होती. आजीनं तिच्या काड्या काढून कापड उसवून दिलं, तेच काठीला बांधलं. आजी सांगायची, आठ पाकळ्यांतल्या सहाच धड निघाल्या, दोन विरलेल्या होत्या, त्या तिनं लंगोटाला ठेवल्या.

घाटाच्या दोन्ही अंगांनी माणसंच माणसं. आप्पांना वाटत होतं, आज लाठी पडणार. डोक्याला टॉवेल गुंडाळून गेले होते त्यासाठीच. पोलीस होते, पण उभे होते. ताफा आला, घोषणा झाल्या, काळी निशाणं वर झाली, ताफा निघून गेला. एस. एम. जोशी आणि समितीच्या पुढाऱ्यांनी आपली माणसं आवरली होती, मुख्यमंत्र्यांनी आपले पोलीस आवरले होते. ज्या राज्यात दोन वर्षांपूर्वी साध्या जमावावर गोळ्या चालल्या, तिथं पंतप्रधानांच्या वाटेवर हजारो संतापलेली माणसं उभी राहिली आणि एकाचंही डोकं फुटलं नाही. ‘त्यानं पोलीस धरून ठेवले’, आप्पा म्हणायचे. कौतुक म्हणून नाही, कोड्यात पडल्यासारखं. शत्रूनं आपल्याला शत्रू असू दिलं, याचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं.

नेहरूंना मराठी माणसाचं मन त्या घाटात दिसलं, असं आमच्या भागात मानतात. अडीच वर्षांनी, १ मे १९६० ला, मुंबईसह महाराष्ट्र झाला. लढा समितीचा, हुतात्मे लोकांचे, हे खरं. पण दिल्लीचं मन वळवण्यात या सबुरीचा वाटा नव्हता असं म्हणणं मला आता जमत नाही. आणि नागपूरहून संपादक माडखोलकरांनी विचारलं, हे राज्य मराठ्यांचं होणार की मराठी, तेव्हा साहेबांनी ते मराठी लोकांचं असेल असा जाहीर शब्द दिला. बौद्ध झालेल्या बांधवांच्या सवलती धर्मांतरानं जाऊ नयेत म्हणून राज्याच्या हातात होतं तेवढं केलं. बासष्टमध्ये जिल्हा परिषदा आल्या. माझा आयुष्यभराचा पगार तिथून आला, म्हणून हे वाक्य मी सहज लिहू शकत नाही. गावच्या शाळेचं छप्पर गळतंय ही तक्रार मुंबईला न जाता कराडच्या नाही तर पलूसच्या सभापतीपर्यंत जाते, हे ज्यानं आयुष्यात अनुभवलं नाही त्याला त्याचं मोल कळणार नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींना वाईहून बोलावून साहित्य संस्कृती मंडळ त्यांच्या हाती दिलं. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ, साताऱ्याला देशातली पहिली सैनिक शाळा. ही सगळी कामं दोन-अडीच वर्षांतली.

त्यांच्या राजकारणाला लोक ‘बेरजेचं राजकारण’ म्हणतात. विरोधकाला पाडायचं नाही, आपल्यात मिळवायचं. शेतकरी कामगार पक्षातली जाणती माणसं एकेक करून काँग्रेसमध्ये आली. आप्पांचे जिवाभावाचे सहकारी त्यांत होते. आप्पा गेले नाहीत. ‘बेरीज त्याची, वजाबाकी आमची’, एवढंच म्हणाले. शिक्षिका म्हणून मला हे वाक्य पटतं. एका बाजूला सगळे मिळवले की दुसऱ्या बाजूला विचारायला कोणी उरत नाही, आणि पुढच्या पन्नास वर्षांत आमच्या भागात कारखाना, बँक, पतसंस्था, कॉलेज आणि आमदारकी एकाच वाड्यात येऊन बसली, त्याची सुरुवात या चांगल्या मनाच्या बेरजेत आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

बासष्टच्या नोव्हेंबरात चीननं मार दिला आणि नेहरूंनी त्यांना संरक्षणमंत्री म्हणून बोलावलं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य आमच्या शाळेच्या प्रत्येक भाषणस्पर्धेत चौतीस वर्षं ऐकलं आणि एकदाही कंटाळा आला नाही. पुढचं दिल्लीतलं आयुष्य मोठं आहे. पासष्टचं युद्ध, मग गृह, अर्थ, परराष्ट्र. चौसष्टच्या मे महिन्यात सैन्यासाठी मदत मागायला ते अमेरिकेत गेले असताना नेहरू गेल्याची बातमी तिथंच आली. त्यांच्या या परदेशांतल्या मुक्कामांतून वेणूताईंना लिहिलेली पत्रं पुस्तकरूपानं आली आहेत. संरक्षणमंत्री रात्री हॉटेलात बसून बायकोला पत्र लिहितो, हे मला त्यांच्या सगळ्या खात्यांपेक्षा जवळचं वाटतं.

पण दिल्लीत सबुरीला वेगळं नाव मिळालं. एकोणसत्तरला राष्ट्रपतिपदाचा उमेदवार ठरवताना बंगळूरला त्यांनी इंदिराबाईंच्या विरोधी गटाच्या उमेदवाराला मत दिलं आणि पक्ष फुटल्यावर ते इंदिराबाईंकडं गेले. तेव्हापासून ‘कुंपणावरचे’ हा शिक्का बसला. मराठीत आपण म्हणतो, हा माणूस हातचा राखून वागतो. पंतप्रधानपद त्यांच्या आवाक्यात दोनदा तरी येऊन गेलं असं म्हणतात, आणि दोन्हीदा त्यांनी हात पुढं केला नाही. यात मी त्यांना दोष देत नाही. दादांनी उडी मारली म्हणून साहेबांनीही मारायला हवी होती असं थोडंच आहे.

दोष देते ती दुसऱ्या प्रसंगाबद्दल. १९७५. जूनमध्ये आणीबाणी लागली. साहेब परराष्ट्रमंत्री. आणि त्याच वर्षीच्या अखेरीस साहित्य संमेलन नेमकं कराडला, त्यांच्या दारात. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत. मंत्र्यांनी व्यासपीठावर बसू नये हा त्यांचा आग्रह. साहेबांनी तो मानला आणि ते खाली श्रोत्यांत बसले. वर बाई लेखकाच्या स्वातंत्र्याबद्दल बोलत होत्या, आणि तिथंच त्यांनी आजारी जयप्रकाशांसाठी सर्वांनी प्रार्थना करावी असं आवाहन केलं. ज्या सरकारनं जयप्रकाशांना डांबलं होतं त्या सरकारचा मंत्री समोर खुर्चीत.

अण्णा त्या मांडवात होते. मागच्या बाजूला, सतरंजीवर. मला त्यांनी त्या क्षणाबद्दल एकच गोष्ट सांगितली: ते दुर्गाबाईंकडं बघत नव्हते, साहेबांच्या पाठमोऱ्या डोक्याकडं बघत होते. ‘मला वाटलं, आता हा माणूस उठून काहीतरी बोलेल.’ पंधरा वर्षांपूर्वी ज्यानं फी भरली त्या माणसाकडून त्यांना एका वाक्याची आशा होती. ते वाक्य आलं नाही. संमेलन मात्र झालं. कोणी मांडव उठवला नाही, बाईंचं भाषण कोणी थांबवलं नाही. पसरणीच्या घाटासारखंच. साहेबांनी स्वतःच्या गावात विरोधकाला बोलू दिलं आणि स्वतः खाली बसून ऐकलं. तोच गुण. पण घाटात ते राज्याचे प्रमुख होते, त्यांच्या गप्प राहण्यानं लाठ्या थांबत होत्या. मांडवात त्यांच्या गप्प राहण्यानं काहीच थांबत नव्हतं. पुढच्या वर्षी दुर्गाबाईंना अटक झाली.

अण्णा त्या दिवशी रात्रीच्या गाडीनं परत आले. त्यांनी साहेबांबद्दल वाईट शब्द नंतरही काढला नाही. पण भिंतीवरचा तो फोटो, मासिकातून कापून चौकट केलेला, माझ्या आठवणीत त्या हिवाळ्यापर्यंतच आहे.

हे सगळं मनात पुन्हा वर आलं ते अटलांटात. लेक तिथं असते, मागच्या खेपेला तिनं जिमी कार्टर यांचं ग्रंथालय दाखवायला नेलं. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष पायउतार झाला की त्याची कागदपत्रं एका ग्रंथालयात जातात. रूझवेल्ट यांनी १९३९ मध्ये ही रीत घालून दिली. कार्टर यांच्या तिथं राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीची हुबेहूब खोली आहे, टेबलासकट. पण मी थांबले ती पुढच्या दालनात, नारूच्या चित्रांपाशी. नारू! हा शब्द आमच्या आजीच्या तोंडचा. पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी प्यायलं की वर्षभरानं पायातून निघणारा, काडीला गुंडाळत गुंडाळत दिवसाला इंचभर ओढायचा तो दोऱ्यासारखा किडा. लेकीला शब्दच माहीत नव्हता, आणि तिला तो माहीत नाही याचाच मला आनंद झाला. आपल्या देशातून तो २००० मध्ये हद्दपार झाल्याचं जाहीर झालं. जगात लाखांनी रोगी होते, ते बोटांवर मोजण्याइतके व्हावेत यासाठी कार्टर खुर्ची गेल्यावर जवळजवळ चाळीस वर्षं राबले. भुईमुगाच्या शेतीवाला माणूस. एकदाच निवडून आला, दुसऱ्यांदा लोकांनी घरी पाठवलं. तो खरंच घरी गेला, जॉर्जियातल्या प्लेन्स नावाच्या खेड्यात, आणि २०२४ च्या २९ डिसेंबरला शंभराव्या वर्षी तिथंच वारला.

१९७८ च्या सुरुवातीला हेच कार्टर दिल्लीत येऊन आपल्या संसदेत बोलले होते. तेव्हा साहेब लोकसभेत विरोधी पक्षनेते, आणि पंतप्रधान मोरारजी. तिथून तीन वर्षांत कार्टर माजी झाले आणि साहेबही. पण कार्टरना पुढं चव्वेचाळीस वर्षं मिळाली, आणि माजी झालेल्या माणसानं काय करायचं याची एक मळलेली वाट त्यांच्या देशात होती. आपल्याकडं ‘माजी’ म्हणजे पुन्हा होण्याची वाट बघणारा. फ्लेक्सवर माजी सभापती, माजी उपसरपंच सगळे रांगेत उभे असतात. साहेबांनी चरणसिंगांच्या औटघटकेच्या मंत्रिमंडळात उपपंतप्रधानपद घेतलं, ऐंशीच्या लाटेत साताऱ्यातून निवडून आले, आणि मग पुन्हा त्याच पक्षाच्या दारात जाऊन उभे राहिले. तिथं त्यांना थांबवून ठेवलं गेलं. आमच्या मामंजींना, दादांच्या माणसालाही, ते सहन झालं नव्हतं. ‘आपल्या भागाचा अपमान आहे हा’, असं ते म्हणाल्याचं घरात सांगतात.

१ जून १९८३ ला वेणूताई गेल्या. चौऱ्याऐंशीत ‘कृष्णाकाठ’ आलं. ते १९४६ पाशी थांबतं. तरणाबांड आमदार मुंबईला निघालाय, पुढचे भाग लिहायचे आहेत. ते लिहून झाले नाहीत. फलटणचं वाक्य, पसरणीचा घाट, बंगळूर, कराडचा मांडव, यांतल्या एकाबद्दलही त्या माणसानं स्वतः बसून सविस्तर सांगितलेलं माझ्या वाचनात नाही. मी ते पुस्तक तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा शेवटच्या पानानंतर कोरी पानं चाळली. कार्टर यांच्या ग्रंथालयात कागदांचे ढीग आहेत. कराडला वेणूताईंच्या नावानं स्मारक आहे, तिथं साहेबांची हजारो पुस्तकं आहेत. मूलबाळ नव्हतं, मागं राहिलं ते हे. मी तिथं तास-दीड तास बसते अधूनमधून. स्पर्धा परीक्षेची पोरं-पोरी मान खाली घालून वाचत असतात. त्यांच्या फीचं कोण बघतंय, असा प्रश्न मनात येतोच. १९८३ मध्ये दादांच्या सरकारनं विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी दिली, त्यांतून आमच्या भागातली किती पोरं इंजिनिअर झाली. माझा धाकटा दीर त्यांतलाच. पण तिथं तेव्हा दाखला उत्पन्नाचा चालत नव्हता, पैसाच लागायचा. एकाच मातीतल्या दोघांनी दोन दारं उघडली. दुसऱ्या दारातली गर्दी वाढत गेली, आणि पहिल्या दाराला आता नावं पुष्कळ आहेत, पण ‘फी’पुढं शून्य लिहिणारा मुलगा मला बरेच दिवस भेटलेला नाही.

२५ नोव्हेंबर १९८४ ला साहेब दिल्लीत गेले. मी तेव्हा बारावीत. आप्पा आमच्याकडं आलेले होते, सत्तरीचे, दमा सुरू झालेला. रेडिओवर बातमी लागली. पार्थिव कराडला आणणार म्हटल्यावर म्हातारा उठला आणि धोतर झटकू लागला. आई म्हणाली, ‘आप्पा, तुम्ही? तुम्ही तर त्यांना काळी निशाणं दाखवलीत.’ ते काही बोलले नाहीत. अण्णांनी विचारलं, ‘मी येऊ का सोबत?’ त्यांनी मान हलवली. दोघं एस.टी.नं गेले, ज्याची फी भरली गेली तो आणि ज्यानं निशाण धरलं तो.

प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात आणि एकदम पूर्वेला वळतात. दोघीही महाबळेश्वरच्या, वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या. तिथं त्या दिवशी माणूस माणसाला दिसत नव्हता इतकी गर्दी होती, असं अण्णांनी सांगितलं. धक्क्यावर आप्पांची पायातली एक वहाण गेली. रात्री उशिरा दोघं परत आले. आजीनं पाय धुवायला पाणी दिलं. आप्पांच्या एका पायाला ओला गाळ पोटरीपर्यंत लागलेला होता, म्हणजे ते पार पाण्याच्या काठापर्यंत गेले होते. आजीनं विचारलं, काय झालं, दिसलं का काही? आप्पा तांब्या हातात घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, ‘लांबून. पण पोलिसांनी कोणाला ढकललं नाही.’